हिंचक्याला तेल

छतावर डाग होता. हॉलच्या बरोबर मधोमध नाही, जरा खिडकीच्या अलीकडे. चहा सांडावा तसा तपकिरी, आणि कडेला गंजाची लाल रेघ. बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येणारा प्रत्येक जण मान वर करून तो बघायचा आणि म्हणायचा, "वा! काय लुक आलाय!" डागाला वा म्हणणारी माणसं कधी पाहिलीत? पण दिवसच तसे आलेत. त्या घरात तर नुसतं वा म्हणून भागलं नव्हतं. डाग तसाच राहावा म्हणून त्याच्यावर पारदर्शक लॅकरचा हात मारून ठेवला होता.

घर फत्तेसिंहराव जगतापांचं. नाव ऐकून उगाच घोडा-तलवार डोळ्यांपुढे आणू नका. घोडा होता तो पणजोबांच्या वेळी, संस्थानच्या पागेत. तलवार होती ती वाटणीत थोरल्या चुलत्यांकडे गेली, आणि तिथून कुठे गेली ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. फत्तेसिंहरावांच्या वाट्याला आलं ते भारदस्त नाव, ताठ मान आणि मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात क्रेनखाली माल बांधायची नोकरी. क्रेन चालवणारा वर बसायचा. हे खाली. लोखंडाच्या धुडाला साखळीचा फास टाकायचा, मागे सरकायचं आणि हात वर करून इशारा द्यायचा. जन्म गेला त्यात.

पण काम करावं तर त्यांनी. माल उचलायच्या आधी साखळीची एकेक कडी ते बोटांतून फिरवून बघत. वरिष्ठ ओरडले तरी घाई नाही. "लोखंड खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "हात लावला की सांगतं." त्यांच्या हाताखालून गेलेली साखळी कधी तुटली नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. निवृत्तीच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले आणि तेवढं एकच बोलून खाली बसले.

या नोकरीने घेतले ते त्यांचे कान. शेजारच्या शेडमध्ये घणाचं मशीन होतं, त्याने हळूहळू खाल्ले. रणवीरने, म्हणजे मुलाने, कानात घालायचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी आठवडाभर वापरलं असेल नसेल. "शिट्ट्या मारतं मेलं," म्हणून जे कपाटाच्या खणात गेलं ते गेलं. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या ओठांकडे बघत आणि मान हलवत. कळलं तरी हलवत, न कळलं तरी हलवत.

घरात त्यांच्यासाठी मोठ्याने बोलत नसे ती एकच, त्यांची बायको, स्नेहलताबाई. तिचा आवाज मुळातच बारीक. ती डभोईची. वडिलांचं किराणा दुकान, दुकानामागे खोली, खोलीत हिंचका, म्हणजे झोपाळा. चालायला शिकली ती त्याच हिंचक्याची फळी धरून, असं ती सांगायची. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिने सासरी दुसरं काही मागितलं नाही. हा फ्लॅट बांधला जात होता तेव्हा फत्तेसिंहराव स्वतः जाऊन उभे राहिले आणि खिडकीपाशी, जाड बीममध्ये, सळ्यांना बांधून हिंचक्याच्या कड्या ओतून घेतल्या. सागवानी फळी, पितळी दांड्या. दुपारची जेवणं झाली की बाई हिंचक्यावर. तिथेच शेंगा सोलायच्या, तिथेच पोथी, तिथेच डुलकी.

पुढे तिला कंपवाताने धरलं. आधी एक हात, मग दोन्ही, मग पायसुद्धा. खुर्चीत बसली की गुडघे थरथरायचे, वाटी हातात धरली की आमटी सांडायची. तिला त्याची फार लाज वाटे. पाहुणे आले की हात पदराखाली. फक्त हिंचक्यावर बसलं की हातापायांचा तो कंप झोक्यात मिसळून जायचा. अंगठ्याने जमिनीला जरासा रेटा द्यायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, बाईला काही झालेलंच नाही. फत्तेसिंहरावांना हे ठाऊक होतं. बोलायचे नाहीत, पण दुपारी समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहायचे.

आणि मग रणवीरने घर नवं करायचं काढलं.

म्हणजे खरं तर काढलं सूनबाईंनी. ईशानी हुशार मुलगी, मनाने चांगली, सासूच्या औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ. पण गोत्री भागात एका मैत्रिणीचं घर पाहून आली आणि तिच्या डोक्यात वारं शिरलं. "बाबा, इंडस्ट्रियल स्टाइल! सगळं रॉ, सगळं उघडं. विटा दिसतात, पाइप दिसतात, स्लॅब दिसतो. काही लपवायचं नाही." तिने फोनवर फोटो दाखवले. फत्तेसिंहरावांनी चष्मा लावून बघितले. जाळीतले बल्ब, काळे पाइप, लोखंडी शिडी, टेबलाला गाड्याची चाकं.

"अगं, हे तर आमच्या कारखान्यातलं स्टोअर," ते म्हणाले. "जन्मभर तिथून सुटून घरी यायची घाई असायची. आता घरीच?"

ईशानी हसली, रणवीरही हसला. म्हाताऱ्याचं बोलणं म्हणजे होकारच धरायचा असतो, तसा धरला.

कामाला आला इंद्रनील कर्णिक. तोही बडोद्याचाच, दिवाणकचेरीत कारकुनी केलेल्या घराण्यातला. गोरागोमटा, नम्र, वाकून नमस्कार करणारा. त्याला वाईट म्हणायची सोय नाही. प्लॅस्टर सोलून काढलं, विटा उघड्या पडल्या. फॉल्स सीलिंग उतरवलं, त्याच्या वरचा गिलावाही खरवडला, आणि तेव्हा तो डाग दिसला. वर गच्चीवर पाण्याची टाकी होती. किती वर्षं झिरपत होती कोण जाणे. इतकी वर्षं गिलाव्याआड झाकलेलं आता उजेडात आलं.

ईशानीचं तोंड उतरलं. "ईऽ! हा डाग?"

"अरे वहिनी, हेच तर सोनुं छे!" इंद्रनील म्हणाला. घरात मराठी बोलता बोलता तो असा गुजरातीत घसरायचा. "लोक पैसे देऊन खोटे डाग पाडून घेतात. तुमचा ओरिजिनल आहे. टाकीची गळती बंद करून घेऊ आणि हा असाच ठेवू."

दुसऱ्या कुठल्याही घरात त्या डागाला बघून कुणीतरी गवंड्याला हाक मारली असती, हातोडीने ठोकून बघितलं असतं. या घरात गंज म्हणजे शोभा ठरली होती. गळती बंद केली आणि डागाला लॅकर लावलं. तिथेच खरं तर सगळं ठरून गेलं, पण ते कुणाला तरी कळायला नको होतं का?

राहता राहिला हिंचका. पितळी दांड्या आणि सागवानी फळी म्हणजे "ट्रॅडिशनल". नव्या घरात ते डोळ्यांत खुपणार. इंद्रनीलने हळूच सुचवलं, "काका, इथे लेदरची आर्मचेअर ठेवली तर?"

फत्तेसिंहरावांनी ते ओठांवरून वाचलं. तेव्हा मात्र उठून उभे राहिले. "घर तुमचं. विटा उघड्या ठेवा, उद्या संडासाचं दार काढा, मी बोलणार नाही. हिंचका तिचा आहे. हिंचका राहील."

आवाज इतका चढला की स्वयंपाकघरात बाईच्या हातून चमचा पडला.

मग मधला मार्ग निघाला. असे मधले मार्ग निघतात तेव्हा सगळ्यांना फार बरं वाटतं. हिंचका राहील, पण खिडकीपाशी कोपऱ्यात नाही. हॉलच्या मधल्या भागात, सगळ्यांना दिसेल असा. पितळी दांड्यांऐवजी कारखान्यातल्या क्रेनच्या साखळ्या. जाड, काळ्या, खऱ्या. ईशानी खुश, रणवीर खुश. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत खुश झाले फत्तेसिंहराव. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांचं काम सांगितलं होतं.

भंगार बाजारात ते दोन दिवस फिरले. शेवटी एका ढिगातून हवी ती साखळी ओढून काढली. जमिनीवर उकिडवे बसले आणि एकेक कडी बोटांतून फिरवत गेले. भंगारवाला कंटाळून चहा पिऊन आला तरी यांचं चालूच. घरी आणून घासली, पुसली. स्नेहलताबाईंना दाखवली. "बघ. कडी न् कडी माझ्या हाताखालून गेली आहे."

"जड आहे हो," ती म्हणाली.

"जड असणारच. ही एकावेळी दोन टन उचलायची."

साखळी लावायच्या दिवशी इंद्रनील शिडीपाशी उभा होता. जुन्या कड्या बीममध्ये होत्या, पण त्या खिडकीपाशी. नव्या जागी वर नुसता स्लॅब. त्याच्या माणसांनी तिथे भोकं पाडून बोल्ट ठोकले, बोल्टांवर दोन लोखंडी प्लेटी बसवल्या, प्रत्येक प्लेटीला आकडा. डावीकडची प्लेट आली ती नेमकी डागाच्या पोटात. इंद्रनीलने वर बघितलं, मग फत्तेसिंहरावांकडे.

"काका, पेलेल ना? तुम्ही म्हणाल तर लावू."

फत्तेसिंहरावांनी त्याच्या ओठांवरून वाचलं. हातातली साखळी उचलून त्याच्यापुढे धरली. "अरे, कुणाला विचारतोस? ही मी बघितली आहे. तुझ्या दहा माणसांना पेलेल."

ते साखळीबद्दल बोलत होते. इंद्रनीलने ते सगळ्याबद्दल धरलं. त्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाने तसंच धरलं, आणि खुद्द फत्तेसिंहरावांनीही. जन्मभर ते खाली उभे राहिले होते, साखळी बघत. साखळीच्या वर जे काही असतं ते बघणं कधी त्यांचं काम नव्हतं.

घर झालं. फोटो निघाले, लोक येऊन गेले. ईशानीच्या मैत्रिणी साखळी धरून उभ्या राहायच्या, बल्बांच्या उजेडात तोंडं वाकडी करायच्या. शेजारच्या मीनाबेन रोज एकदा डोकावून जायच्या, "स्नेहाबेन, तमारो हिंचको तो म्युझियम जेवो!" स्नेहलताबाई डाव्या बाजूला बसायची, जुन्या सवयीने, खिडकीकडे तोंड करून. फत्तेसिंहराव समोरच्या खुर्चीत. ते त्या हिंचक्यावर कधी बसले नाहीत. म्हणायचे, तो तुझा.

आणि मग एक दिवस ती म्हणाली, "अहो, हा बोलतो."

"कोण?"

तिने वर बोट दाखवलं. "हा. मी झोका घेतला की वरून कुईऽ असं काहीतरी. आधी नव्हतं."

त्यांनी कान टवकारले. त्यांना काय ऐकू येणार? रणवीरला विचारलं. तो म्हणाला, "साखळीचा आवाज येणारच बाबा. लोखंड आहे ते."

"साखळीचा नाही," स्नेहलताबाई हळू आवाजात म्हणाली. "साखळीचा आवाज खणखण असतो. हा वरून येतो. कुणीतरी दात खातंय असा."

पण बारीक आवाजाच्या बाईचं असं होतं की तिचं वाक्य संपेपर्यंत बाकीचे उठून गेलेले असतात.

सकाळी फळीवर पूड दिसायला लागली. करडी, बारीक, बोटाला लागली तर खरखरीत. बाई पदराने पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ईशानीने बघितली आणि सरळ म्हणाली, "आई, उघड्या विटांचं घर आहे, एवढी धूळ पडायचीच. मी व्हॅक्यूम फिरवते." विटांची पूड लाल असते, ही करडी आहे, हे बोलायला तिथे कुणी नव्हतं. प्रत्येक गोष्टीला त्या घरात उत्तर तयार होतं. आवाज येतो? लोखंड आहे. पूड पडते? विटा आहेत. डाग पसरलाय? उजेड बदललाय. हो, डागाची लाल रेघ आता प्लेटीच्या कडेपर्यंत आली होती. लॅकरखाली ती सुरेख चमकायची.

फत्तेसिंहराव मात्र बायकोचं बोलणं वाऱ्यावर सोडणाऱ्यांतले नव्हते. ते स्टुलावर चढले. रणवीर घरी नव्हता, ईशानी ओरडली, तरी चढले. खालपासून वरपर्यंत कडी कडी चाचपली. शाबूत. आकडा बघितला. शाबूत. मग प्लेटीच्या नटाला पाना लावला आणि पिळला. नट फिरला. फिरतच गेला, लोण्यात फिरावा तसा, आणि मग कुठेतरी अडला. फत्तेसिंहरावांना समाधान झालं. ढिला होता, घट्ट केला. खाली उतरून बायकोला म्हणाले, "सापडला आजार. आता बोलणार नाही."

कारखान्यात असा फिरणारा नट त्यांनी एखाद्या मशीनवर पाहिला असता तर ते दहा पावलं मागे सरकले असते. पण हे घर होतं. घरात माणूस बेसावध असतो, नाही तर त्याला घर कशाला म्हणायचं?

चार दिवस आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "आता जास्त," स्नेहलताबाई म्हणाली. तिने झोका घेणं कमी केलं होतं. नुसती बसून राहायची, आणि बसून राहिली की हात पदराखाली जायचे. फत्तेसिंहरावांना ते बघवेना. ते मनातल्या मनात त्या हिंचक्यावर चिडले, जसं एखाद्या दांडगट पोरावर चिडावं.

नवरात्र आलं. सोसायटीच्या अंगणात गरबा सुरू झाला आणि मग खंडेनवमी उजाडली.

जगतापांकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजायची. शस्त्रं नाहीत म्हणून काय झालं? फत्तेसिंहराव पाटावर आपले पाने, हातोडा, पक्कड मांडायचे, शेजारी विळी, अडकित्ता, सुनेची कात्री. घरात लोखंड म्हणून जे जे असेल ते धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं. दाराच्या बिजागऱ्या, रणवीरच्या मोटारीची चाकं, खिडकीच्या कड्या. "वर्षभर राबतं ते. एक दिवस त्याचे लाड नकोत?" वडील असंच करायचे, आजोबा असंच करायचे. पागेत घोड्याच्या नालापर्यंत तेल पोचायचं म्हणे.

आणि यंदा तर घरभर लोखंड! पाइप, शिडी, बल्बांच्या जाळ्या, टेबलाची चाकं. फत्तेसिंहराव सकाळपासून धोतर खोचून कामाला लागले होते. चेहरा असा फुलला होता की ईशानी रणवीरला म्हणाली, "बघितलंस? शेवटी बाबांना आवडलं घर."

शेवटी हिंचका. साखळी वरून खाली हात फिरवत पुसली, हळदकुंकवाची बोटं लावली, झेंडूची माळ गुंफली. मग तेलाची बुधली घेऊन स्टुलावर चढले. रणवीरने स्टूल धरलं. आकड्याच्या पोटात, आकडा प्लेटीला घासतो तिथे, प्लेट आणि स्लॅब यांच्या फटीत, बोल्टांच्या मुळाशी, सगळीकडे त्यांनी तेल सोडलं. फट अशी होती की तेल ओतावं तेवढं आत जात होतं. "किती पितोय बघ," ते खालच्या रणवीरला म्हणाले. "तहानलेला होता बिचारा."

खाली उतरून त्यांनी बायकोला हात धरून आणलं, हिंचक्यावर बसवलं. "घे झोका."

तिने अंगठ्याने रेटा दिला. हिंचका गेला, आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. ती मान तिरकी करून ऐकत होती. घर सगळं थांबलं होतं.

"नाही बोलत," ती म्हणाली.

फत्तेसिंहरावांनी ओठांवरून वाचलं आणि टाळी वाजवली. खरोखर टाळी वाजवली, पोरासारखी.

"बरं वाटतंय ना?"

"बरं वाटतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुटपुटली, "पण एकदम असा गप्प झाला." हे तिने खिडकीकडे बघत म्हटलं, म्हणून त्यांना कळलं नाही. मीनाबेन तिथे प्रसादाला आल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि पुढे सगळ्यांना सांगितलं.

दसऱ्याला रणवीर रांगेत उभा राहून फाफडा-जलेबी घेऊन आला. ओळखीची चार घरं येऊन गेली, आपट्याची पानं वाटून झाली. दुपारी श्रीखंडाचं जेवण झाल्यावर रणवीर आणि ईशानी आत आडवे झाले. हॉलमध्ये दोघंच. स्नेहलताबाई नव्या साडीत, हिंचक्याच्या डाव्या बाजूला. मनसोक्त झोका घेत होती. हात मांडीवर, उघडे.

फत्तेसिंहरावांनी देवघरातून एक पान आणलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि फळीवर शेजारी थोपटलं.

"बसा ना."

"मी?"

"बसा हो. कधी बसलाच नाहीत."

ते बसले. आखडून, उजव्या टोकाला, जसं दुसऱ्याच्या घरी बसावं. तिने अंगठा टेकवला. दोघांचं वजन घेऊन हिंचका हळूच निघाला. साखळ्या हलल्या, झेंडूच्या पाकळ्या पडल्या. काही कुरकुरलं नाही, काही घासलं नाही. फत्तेसिंहरावांना वाटलं, इतक्या वर्षांत आपण हे का केलं नाही?

तिच्या साडीच्या खांद्यावर करडी पूड पडली. तिने झटकली. पुन्हा पडली. तिने वर बघितलं. मग त्यांच्याकडे वळून ती काहीतरी म्हणाली. घाईने म्हणाली, आणि पदर तोंडाशी होता, म्हणून ओठ दिसले नाहीत.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

प्लेट निघाली ती एकटी निघाली नाही. डागाएवढा स्लॅब घेऊन खाली आली. उजवी बाजू जागच्या जागी राहिली. फत्तेसिंहराव घरंगळून भिंतीकडे फेकले गेले, मनगट मोडलं, एवढंच. डावी बाजू सगळी तिच्यावर आली.

दवाखान्यात न्यायचं ते नेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा रणवीरने भिंतीला डोकं टेकलं. फत्तेसिंहराव बाकावर बसून होते. येईल त्याला एकच सांगत होते, "साखळी नाही हो तुटली. एक कडी तुटलेली नाही. बघून या पाहिजे तर." लोक मान हलवत. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच सगळ्यांना वाटलं. पण खरंच होतं ते. जमिनीवर पडलेली साखळी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत शाबूत होती. तिच्या टोकाला आकडा, आकड्याला प्लेट, प्लेटीला चारी बोल्ट आणि बोल्टांना चिकटून भुसभुशीत काँक्रीट. आत सळई होती तिथे नुसती गंजाची भुकटी. सगळं तेलाने माखलेलं.

तेराव्याला इंद्रनील आला. दारातच उभा राहिला, पांढराफटक. "काका, मी विचारलं होतं..." एवढं म्हणाला आणि थांबला.

फत्तेसिंहरावांनी त्याच्या ओठांकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "तू विचारलंस. तिनेही सांगितलं. मी वर बघितलंच नाही." मग त्याला आत घेऊन पाणी दिलं.

स्लॅब दुरुस्त झाला. पाइप निघाले, जाळ्या निघाल्या. भिंतींना प्लॅस्टर, छताला प्लॅस्टर, वरून पांढरा रंग. कुठेही डाग नाही. मीनाबेन डोकावतात, छताकडे बघतात आणि परत जातात. खिडकीपाशी बीममधल्या जुन्या कड्या तशाच आहेत, रिकाम्या. साखळी रणवीरने कुणाला न सांगता भंगारात दिली.

फत्तेसिंहराव आता कानात मशीन घालतात. शिट्ट्या मारतं तरी घालतात. आंघोळ सोडली तर काढतच नाहीत. ईशानी म्हणते, झोपतानाही काढत नाहीत. दुपारी हॉलमध्ये बसतात, मान तिरकी करून. नळ ठिबकला तरी उठून जातात. पंखा खडखडला तर बंद करून त्याच्याखाली उभे राहतात. ती शेवटचं काय म्हणाली, हे त्यांनी रणवीरला, ईशानीला, मीनाबेनना, सगळ्यांना विचारून झालंय. आत होतो, झोपलो होतो, ऐकलं नाही, हीच उत्तरं. तेवढं एक वाक्य त्यांच्या आयुष्यात कायमचं ऐकायचं राहिलं.

यंदाची खंडेनवमी आली. ईशानीनेच पाट मांडला. पाने, पक्कड, विळी, कात्री. फत्तेसिंहरावांनी हळदकुंकू लावलं, नमस्कार केला. तेवढ्यात वारं सुटलं आणि हॉलचं दार हललं. बिजागरी कुरकुरली, कुईऽ करून.

"अगंबाई, याला द्यायचं राहिलंच," ईशानी म्हणाली आणि तेलाची बुधली घेऊन दाराकडे निघाली.

म्हातारा पाटावरून असा उठला की निरांजन कलंडलं. त्याने तिचं मनगट धरलं. बोटं कापत होती, स्नेहलताबाईंची कापायची तशी.

"राहू दे," तो म्हणाला. "बोलतंय ना ते? बोलू दे. मला ऐकू येतंय."